दाराशी वजनकाटा

वलवणच्या त्या बंगल्यात पाऊल टाकायचं तर आधी वजन करून घ्यावं लागे. चपला काढायच्या जागी सरांनी एक काटा ठेवला होता आणि भिंतीला दोरीने बांधलेली वही. पोस्टमन असो, सिलिंडरवाला असो, नाही तर मुंबईहून आलेला मोठा माणूस असो, काट्यावर चढल्याशिवाय कोणी आत गेलं नाही. वहीत नाव, वेळ, वजन आणि खडूने आखलेल्या कितव्या चौकोनात तुम्ही उभे राहिलात, एवढं सगळं लिहिलं जाई. माझी जाऊ एकदा हौसेने माझ्याबरोबर आली. सरांनी तिचा आकडा मोठ्यांदा वाचला. ती काट्यावरून उतरली आणि तशीच फाटकाबाहेर गेली. "आकड्यात रागावण्यासारखं काय आहे?" असं सरांनी मला अगदी मनापासून विचारलं.

माझं लोणावळ्यात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सरांचा सगळा पत्रव्यवहार माझ्या हातून जायचा, कारण त्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि असलेला लॅपटॉप फक्त यंत्रासाठी होता. त्याआधी मी त्यांची विद्यार्थिनी होते. अकरावीच्या पहिल्याच तासाला त्यांनी आमच्या अख्ख्या वर्गाला उभं करून "मला ठाऊक नाही" हे वाक्य तीनदा म्हणायला लावलं होतं. "हे ज्याला नीट म्हणता येतं त्यालाच भौतिकशास्त्र शिकवता येतं," असं त्यांचं म्हणणं. मला ते वाक्य उत्तम म्हणता यायचं. बारावीच्या पेपरात मी तेच बहुतेक प्रश्नांना मनातल्या मनात म्हटलं आणि भौतिकशास्त्रात नापास झाले. सरांनी त्याचा राग धरला नाही. उलट पुढे त्यांचे अहवाल टाइप करताना मी एखाद्या शब्दाला अडून 'ठाऊक नाही' म्हटलं की खूश होत.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. सरांना ना बाग ना नातवंडं. लग्नच केलेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. आकाशगंगेत अदृश्य द्रव्याचे झोत वाहत असतील आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरताना वर्षातून एकदा, नेमक्या त्याच दिवशी, अशा एखाद्या झोतातून जात असेल, अशी ती कल्पना. असा झोत गेला तर जड वस्तू किंचित ओढली जाईल. ती ओढ पकडायला त्यांनी स्वतःच्या हाताने एक यंत्र केलं होतं. केसाहून बारीक तारेला एक आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या दोन टोकांना शिशाचे दोन गोळे, मध्ये एक चिमुकला आरसा. आरशावर प्रकाश टाकायचा आणि त्याचा कवडसा समोरच्या पट्टीवर किती सरकतो ते बघायचं. वारा लागू नये म्हणून सगळं काचेच्या पेटीत. कॅमेरा कवडसा बघत राही आणि लॅपटॉपवर एक रेघ उमटत राही.

ही रेघ इतकी नाजूक होती की जवळ माणूस उभा राहिला तरी वाकायची. त्याच्या अंगाची ओढ लागायची म्हणून. म्हणून तर तो काटा, ती वही आणि ते चौकोन. माणसाचं वजन आणि जागा कळली की त्याचा परिणाम सर हिशेबातून वजा करत. खंडाळ्याच्या घाटात मालगाडी चढायला लागली की रेघेला बारीक कापरं भरे, तेही वजा. रेल्वेचं वेळापत्रक त्यांनी पंचांगासारखं खुंटीला लावून ठेवलं होतं. खरं पंचांग मात्र घरात नव्हतं, आणि ते नव्हतं याला पुढे फार महत्त्व आलं.

अशा कल्पनेला पैसे कोण देणार? सरांनी जिथे जिथे अर्ज केले तिथून नम्र नकार आले, ते मीच फाइलला लावले. मग कोणीतरी सांगितलं की मुंबईत एक खाजगी न्यास आहे, एका उद्योगपती घराण्याचा. त्यांच्या गुरूंनी सांगून ठेवलं होतं की जे दिसत नाही तेच खरं, आणि हे विज्ञानाने सिद्ध व्हावं म्हणून तो न्यास संशोधनाला मदत करतो. सरांच्या अर्जात 'अदृश्य' हा शब्द पानोपानी होता. तिकडून तिसऱ्याच आठवड्यात होकार आला, वर वलवणचा हा बंगलाही मिळाला. बंगल्याखाली खडकात खोदलेलं तळघर होतं, ते सरांना त्या होकारापेक्षा जास्त आवडलं.

न्यासाचा कारभार बघायचे ते भाईजी. दांडगे, गोरे, सदा घामेजलेले आणि अतिशय प्रेमळ. पहिल्या भेटीत ते काट्यावर चढले तेव्हा सरांनी आकडा बघितला, थोडा विचार केला आणि त्यांना तळघराऐवजी बागेत, फणसाखाली खुर्ची दिली. ज्या यंत्राला पैसे दिले ते भाईजींनी अकरा वर्षं कधी जवळून पाहिलं नाही. तरी ते दर सहा महिन्यांनी यायचे, फणसाखाली बसायचे आणि विचारायचे, "सर, काही दिसलं का?"

"नाही."

"दिसेल. श्रद्धा ठेवा."

"मी तारेला तेल लावत नाही, एवढंच सांगतो," सर म्हणत. याचा अर्थ भाईजींना कळत नसे आणि मलाही कळलेला नाही.

न्यासाच्या अहवालाच्या छापील फॉर्ममध्ये शेवटचा रकाना असा होता: 'या संशोधनातून परमतत्त्वाच्या दिशेने काय प्रगती झाली?' दुसऱ्या कोणी तिथे चार गोड ओळी लिहिल्या असत्या. सर दर वेळी सांगत, "लिही, प्रगती चालू आहे, दिशा निश्चित नाही." मी एकदा म्हटलं, "सर, त्यांना बरं वाटेल असं काहीतरी लिहू या की." त्यावर म्हणाले, "अगं, तो माणूस खरंच विचारतोय. खरं विचारणाऱ्याला खोटं सांगायचं?"

शेवटची तीन वर्षं बंगल्यावर हौसामावशी कामाला होत्या. वलवणच्याच. घरी थोडी भातशेती, दोन म्हशी, मुलगा भोसरीला कंपनीत. सरांनी त्यांना झाडलोट करायला तळघराची किल्ली दिली होती आणि एकच नियम सांगितला होता, पेटीला हात लावायचा नाही. मावशी रोज काट्यावर चढत आणि स्वतःचं वजन स्वतः लिहीत. सकाळी त्या जिना झाडायला उतरल्या की रेघेला एक लहानसा उंचवटा येई. सरांनी त्या उंचवट्याला 'मावशी' असंच नाव दिलं होतं आणि अहवालात मी ते तसंच टाइप करत असे.

"सर, ह्यात द्येव हाय का काय?" मावशींनी एकदा पेटीकडे बघून विचारलं होतं.

"मला ठाऊक नाही," सर म्हणाले.

मावशींनी ते हो असं समजून घेतलं.

आणि मावशी आल्या त्याच वर्षी रेघ सरकली. मालगाडी नाही, 'मावशी' नाही. एका सकाळी रेघ उजवीकडे गेली, रात्रभर तिथेच राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ जागी आली. सर त्या दिवशी तळेगावला बहिणीकडे जेवायला आणि मुक्कामाला गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्यावर त्यांनी लॅपटॉप बघितला आणि भर उन्हातून चालत माझ्या दुकानात आले. मला म्हणाले, "कोणाला सांगू नकोस." मी कोणाला सांगणार? माझ्या गिऱ्हाइकांना आधार कार्डाच्या झेरॉक्स हव्या असतात.

पुढच्या वर्षी ती पुन्हा सरकली. तेवढीच, तितकाच वेळ. फक्त दहा दिवस आधी. सरांचं त्यावरून जेवण सुटलं. झोत ठरलेल्या दिवशीच यायला हवा, दहा दिवस आधी कसा येईल? तिसऱ्या वर्षी सरकली ती एकोणीस दिवस उशिरा. सरांनी वहीमागून वही भरली. चंद्राचा परिणाम, झोताची रुंदी, गुरूची ओढ. म्हणजे ग्रह गुरू, न्यासाचे नव्हेत. महिनाभर खपून त्यांनी अहवाल तयार केला, तीन तारखा दिल्या आणि लिहिलं की ओढ खरी आहे, कारण सापडलेलं नाही. न्यासाची मदत त्याच वर्षी संपत होती. पुढची पाच वर्षं मिळणार की नाही ते या अहवालावर होतं. सर सत्तरीच्या पुढे गेलेले. हे हातचं गेलं तर दुसरं तळघर, दुसरी तार आणि दुसरी अकरा वर्षं कुठून आणणार? मी पत्ता दोनदा तपासून अहवाल पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर दुकानात पोच आली का ते विचारायला आले होते, तेवढ्यात भाईजींचा फोन आला. त्यांच्या आवाजात अक्षरशः रडू होतं.

"ताई, सरांना द्या. नाही, आधी तुम्हीच ऐका. त्या तीन तारखा बघितल्यात? विजयादशमी! तिन्ही वर्षी विजयादशमी! विश्व आपलं पंचांग पाळतं, ताई! मी परवा येतोय. गुरुमहाराजांना सांगितलंय, खंडाळ्याला मोठा कार्यक्रम करू."

फोन स्पीकरवर होता. सर स्टुलावर बसले. एवढा विद्वान माणूस, चंद्र वजा केला, गुरू वजा केला आणि दसरा दिसला नाही. पण त्यांना काय बोलू? मी स्वतः त्या तारखा तीनदा टाइप केल्या होत्या. दसऱ्याला तर मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवते.

"दर दसऱ्याला मी तळेगावला असतो," सर सावकाश म्हणाले. "या वर्षी दसरा उशिरा का आला?"

"अधिक महिना होता, सर. श्रावण दोनदा होता."

"दसऱ्याला लोक काय करतात?"

"सोनं वाटतात. गोड करतात. गाड्या धुऊन हार घालतात आणि..." मी बोलता बोलता थांबले, कारण सर माझ्या मागे बघत होते. मागे झेरॉक्सचं मशीन होतं. त्याच्यावर महिन्यापूर्वी मीच घातलेला झेंडूचा हार वाळून लोंबत होता आणि झाकणावर कुंकवाचं बोट.

आम्ही रिक्षाने वलवण गाठलं. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सरांनी काहीही न ओरडता दसऱ्याबद्दल विचारलं, तरी मावशींचा चेहरा पडला.

"म्या पेटीला हात न्हाई लावला, सर. शप्पत. तुमी नको म्हनला हुता."

"मग काय केलंत?"

"दसऱ्याला हत्याराची पूजा करत्यात. तुमी तर तळेगावला जाता. तुमचं हत्यार तसंच बिनपूजेचं ऱ्हायचं, मला लय वंगाळ वाटलं. मागच्या बाजूनं कुकू लावलं, तुमास्नी दिसू न्हाई म्हून. आन् त्या कोनाड्यात नारळ ठिवला. दुसऱ्या दिशी उचलला."

"नारळाचं काय केलंत?"

"काय म्हंजी? फोडला. खोबरं तुमास्नीच दिलं की, परसाद म्हून."

सरांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. तिन्ही वर्षी त्यांनी ते खोबरं गुळाबरोबर खाल्लं होतं. दोन वेळा मीही.

तळघरात उतरल्यावर सरांनी बॅटरी घेऊन पेटीचा स्टँड मागून बघितला. कुंकवाची तीन बोटं होती, एकाखाली एक. कोनाडा पेटीपासून वीतभरही लांब नव्हता. सरांनी मावशींना घरातला एक नारळ आणायला लावला आणि काट्यावर ठेवला. वहीत नावाच्या जागी 'नारळ' असं लिहिलं, वेळ लिहिली, वजन लिहिलं. मग तो कोनाड्यात ठेवून आम्ही तिघं वर येऊन लॅपटॉपपुढे बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग रेघ हलली. सावकाश उजवीकडे गेली, थोडी झुलली आणि अगदी त्याच जागी थांबली.

मला वाटलं सर आता कोसळतील. ते उठले आणि मला म्हणाले, "अगं, नारळ दिसला! एका साध्या नारळाची ओढ दिसली!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी कागदावर आकडेमोड केली, ती जुळली, पुन्हा केली, पुन्हा जुळली. "असं यंत्र," ते म्हणत राहिले, "असं यंत्र झालंय हे." आपण पाच वर्षं आणि बंगला घालवून बसलोय हे त्यांच्या ध्यानात यायला चहा होईपर्यंत वेळ लागला. ध्यानात आल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मावशींचं नाव कुठे यायला नको," एवढंच म्हणाले.

भाईजी पेढे घेऊन आले. सरांनी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच फणसाखालून उठवून आत नेलं. लॅपटॉपपुढे बसवलं, नारळ ठेवून दाखवला, काढून दाखवला. "तुमच्या तीन विजयादशम्या म्हणजे हा नारळ," सर म्हणाले. "यंत्राजवळ काय येतं आणि काय जातं हे बघणं माझं काम होतं. चूक माझी."

"न्हाई वो," दारातून मावशी म्हणाल्या. "नारळ म्या ठिवला. सरांस्नी ठावं बी नव्हतं. माझं काम गेलं तर जाऊ द्या, पर त्यांच्यावर आळ नको."

भाईजींनी पेढ्यांचा खोका बाजूला ठेवला. मग हळू म्हणाले, "सर, ह्या मावशींना ती बुद्धी कोणी दिली? तो नारळ तिथे कोणाच्या इच्छेने आला? आपण एवढंच सांगू की विजयादशमीला यंत्रात ओढ दिसते. खोटं नाही ना ते?"

"खोटं नाही," सर म्हणाले. "फक्त नारळ सांगायचा राहील."

"माझी आई गेली तेव्हापासून मी विचारतोय, सर. काहीतरी आहे ना? तुम्ही एकटेच होता की जे मला उगाच हो म्हणत नव्हता. म्हणून तुम्ही हो म्हणाल त्या दिवसाची वाट बघत होतो."

मला त्या माणसाची फार दया आली, खोटं कशाला सांगू. सरांनाही आली असावी. त्यांनी उभ्या जन्मात कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नसेल, तो भाईजींच्या ठेवला. पण हो म्हणाले नाहीत.

सुधारलेला अहवाल मी दुसऱ्या दिवशी टाइप केला. शेवटच्या रकान्यात सरांनी पहिल्यांदाच मजकूर बदलला: 'ठाऊक नाही. मात्र यंत्राला नारळ कळतो.' न्यासाचं उत्तर अतिशय सभ्य भाषेत आलं. महिन्याभरात बंगला रिकामा करायचा होता. आता तिथे शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी पोहण्याचा हौद केलाय आणि फणसाला दिव्यांच्या माळा आहेत.

यंत्र कुठे न्यायचं हा प्रश्न होता. तो मावशींनीच सोडवला. "माझ्या घरामागं म्हशींची खोली हाय, खाली सगळा खडक हाय. म्हशी बाहेर बांधीन की." सर जाऊन खडक बघून आले आणि हो म्हणाले. सामान हलवताना सगळ्यात आधी काटा गेला. दोन्ही म्हशींची वजनं अंदाजाने का होईना वहीत चढली आणि त्या कुठे बांधायच्या ते चौकोन अंगणात आखले गेले. म्हशींनी ते पाळले नाहीत. पहिल्या दसऱ्याला सर तळेगावला गेले नाहीत. मावशींनी समोरून कुंकू लावलं, कोनाडा नव्हता म्हणून सरांनीच एक पाट आणून पेटीशेजारी ठेवला आणि त्यावर नारळ. वहीत त्यांनी लिहिलं, 'दसरा. आज झोत शोधणे बंद. यंत्राची तपासणी.' ज्या वर्षी नारळ दिसणार नाही त्या वर्षी यंत्र बिघडलं असं समजायचं, असं त्यांनी मला समजावलं. त्या दिवशी फाटकाशी एक मोठी गाडी थांबली आणि भाईजी हातात नारळ घेऊन उतरले. न्यासाकडून नव्हे, त्यांचे ते. काट्यावर न सांगता चढले.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच. झोत काही त्यांना सापडला नाही. बहिणीने विचारलं, त्या पेटीचं काय करायचं? मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तितंच."

या दसऱ्याला मी दुकान बंद करून वलवणला गेले. काट्यावर चढले, वहीत लिहिलं. भाईजी आधीच येऊन बसले होते. मावशींनी पूजा केली, पाटावर भाईजींचा नारळ ठेवला. लॅपटॉप कसा लावायचा ते सरांनी मला शिकवून ठेवलं होतं, तो लावला आणि आम्ही बाहेरच्या पडवीत पोत्यावर बसून रेघेकडे बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग ती हलली, सावकाश गेली आणि सरांनी पेन्सिलने खूण करून ठेवलेल्या जागी थांबली.

"हाललं का वो ताई?" मावशींनी विचारलं.

"हाललं."

भाईजींनी चष्मा काढून पुसला. "ताई, एक सांगा. नारळ इथे, गोळा तिथे, मध्ये काच. कोणी कोणाला धरलेलं नाही. मग हे एकमेकांना ओढतात ते का?"

"मीही एकदा सरांना विचारलं होतं," मी म्हटलं.

"मग? काय म्हणाले?"

"ठाऊक नाही म्हणाले."

भाईजींनी रेघेकडे बघून हात जोडले, आणि शेजारी बसलेल्या मावशींनीही.